यादीतलं पहिलं नाव

ग्राब कारखान्याच्या फाटकाशी काचेची एक पेटी होती आणि त्या पेटीत कारखान्याकडून फ्लॅट मिळणाऱ्या कामगारांची यादी लागायची. आमच्या खोऱ्यात माणसं वर्तमानपत्रही वाचत नसत इतकं मन लावून ती यादी वाचत. कोणाची नोकरी किती वर्षांची, कोणाला मुलं किती, कोण ओलीत राहतं, कोणाला कामावर इजा झाली, या सगळ्याचे गुण आणि गुणांच्या क्रमानं नावं. ही यादी कुठल्या साहेबानं केलेली नव्हती. कामगार मंडळानं सात संध्याकाळी भांडून भांडून तिचे नियम ठरवले होते, आणि त्या भांडणात सगळ्यात मोठा आवाज होता शेफिकाचा.

१९७६ च्या मे महिन्यात त्या यादीत पहिलं नाव शेफिकाचंच लागलं, आणि नव्या इमारतीतला एक फ्लॅट तिच्या नावे करणारा मंडळाचा शिक्क्याचा कागदही तिच्या घरी आला. लाकडाचे पातळ पापुद्रे काढणाऱ्या विभागात एकोणीस वर्षं नोकरी, नदीकाठच्या तळघरात एक खोली, नवरा, एक मुलगी, आणि उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेलेली. त्या बोटांचे गुण मिळाले नसते तर ती चौथी असती.

"बोटं गेली तेव्हा वाटलं फुकट गेली," ती म्हणायची. "आता बघा, एकेका बोटाला एकेक खोली."

त्याच महिन्यात साराजेव्होहून टेलिव्हिजनची माणसं आली. ग्राबवर माहितीपट करायचा होता त्यांना. बॉस्नियातल्या एका कोपऱ्यातली जुनी वखार, तिचा दोन हजार माणसांचा कारखाना झाला, त्याच्या खुर्च्या थेट स्वीडनला जायला लागल्या. स्वतःचा दवाखाना, स्वतःचं पाळणाघर, समुद्रावर स्वतःचं विश्रामगृह, तिथे सफाईवालीपासून संचालकापर्यंत सगळ्यांना सारखेच चौदा दिवस. आणि या सगळ्याला मालक कोणीच नाही. हे सगळं खरं होतं बरं का. पुढची गोष्ट ऐकून कोणी नाक मुरडू नये म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं. ग्राब खरोखरच चांगला होता, आणि म्हणूनच शेफिकाचं डोकं फिरलं. वाईट कारखान्यात कोण कशाला रागावतं? तिथे माणूस नुसता पगार घेतो आणि घरी जातो.

माहितीपटाचा दिग्दर्शक व्लादान नावाचा होता. केस मानेपर्यंत, अंगात कातडी जाकीट, आणि तोंडात एकच वाक्य: "मी खोटं चित्रण करत नाही." जेवणाच्या सुट्टीत त्यानं सगळ्यांना घेवड्याचं कालवण तीन वेळा खायला लावलं, कारण पहिल्या दोन वेळा उजेड बरोबर नव्हता. शेफिकाची मैत्रीण मिल्का तिच्याच यंत्रावर समोरच्या बाजूला उभी राहायची. तिची जीभ यंत्राच्या पात्यापेक्षा धारदार. ती म्हणाली, "खोटं करत नाही म्हणे. पण गार करतो."

गुरुवारी व्लादान पापुद्रे विभागात आला. माहितीपटाचा शेवट त्यानं ठरवून टाकला होता. शनिवारी अकरा वाजता नव्या इमारतीत, यादीतल्या पहिल्या माणसाच्या हातात फ्लॅटची किल्ली. नुसता हात, पडदाभर. त्याची रंगीत तालीम करायला त्यानं स्वतःच्या गाडीची किल्ली पुढे केली.

"घ्या, ताई. अगदी सहज घ्या. मनात आनंद आणा."

शेफिकानं हात पुसला आणि तीन बोटांनी किल्ली घेतली. व्लादाननं कॅमेऱ्यातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोकं वर काढून म्हणाला, "डाव्या हातानं घेता येईल?"

"घर मला मिळतंय," शेफिका म्हणाली. "डाव्या हातानं घ्यायला मी काय ते चोरून नेतेय?"

तो हसला आणि किल्ली खिशात टाकून निघून गेला. दुपारी शेफिकाला संचालकांच्या खोलीत बोलावणं आलं.

संचालक तिहोमिर हा मुळात करवतीवरचा माणूस. वखारीत शेफिकाच्या बापाबरोबर ओंडके ओढलेला. शिकला, वर चढला, आणि दर चार वर्षांनी कामगार त्यालाच निवडून देत. खोलीत व्लादान होता, आणि खिडकीशी कामगार मंडळाचे अध्यक्ष स्तोयानकाका बसले होते, टोपी मांडीवर घेऊन. स्तोयानकाकांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"शेफिका, बस," तिहोमिर म्हणाला. "जरा अडचण आलीय. अडचण म्हणजे, खरं तर संधीच."

"माझी अडचण आणि कोणाची संधी, तेवढं सांगा."

त्यानं सांगितलं. हा माहितीपट सगळ्या देशात दिसणार. स्वीडनचे गिऱ्हाईक बघणार. कामगारांना जपणारी कंपनी म्हणून ग्राबचं नाव होणार. आणि अशा माहितीपटाच्या शेवटी, सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल असा, दोन बोटं नसलेला हात?

"लोक काय विचारतील, तूच सांग."

"विचारतील, बोटं कशी गेली. मग सांगा ना त्यांना," शेफिका म्हणाली. "यंत्राला जाळी नव्हती. माझी बोटं गेल्यावर आपण आठ दिवस यंत्र बंद ठेवलं, माल अडकला तरी. मंडळानं सगळ्या पात्यांना जाळ्या बसवल्या. त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून या कारखान्यात कोणाचं नखसुद्धा गेलेलं नाही. यात लाजायचं काय आहे? मी तर म्हणते, तोच खरा माहितीपट."

"सांगायला वेळ लागतो," व्लादान म्हणाला. "हात पडद्यावर तीन सेकंद असतो."

मग निघालं ते असं. नवा इंजिनिअर होता एक, तरणाबांड. त्याची बायको यास्ना, दिसायला छान, आणि चार महिन्यांचं बाळ. किल्ली त्यांना द्यायची. शेफिकाला पुढच्या इमारतीत, दोन वर्षांनी, अगदी नक्की.

शेफिका काही आडमुठी नव्हती. ती म्हणाली, "बरं. त्यांना किल्ली देताना दाखवा. बाळ दाखवा, काय हवं ते दाखवा. कॅमेरा बंद झाला की किल्ली माझ्याकडे द्या. माझा हात दिसला नाही तर मी काही मरत नाही."

तिहोमिरचा चेहरा उजळला. पण व्लादान खुर्चीतून उठलाच.

"ते चालणार नाही," तो म्हणाला. "हा माहितीपट आहे, नाटक नाही. मी ज्याच्या हातात किल्ली दाखवतो तो त्या घरात खरोखर राहायला हवा. मी खोटं चित्रण करत नाही."

आता बोला. माणूस इतका सत्याचा पुतळा, की त्याच्या सत्यासाठी दुसऱ्याचं घर काढून तिसऱ्याला द्यायचं.

शेफिका स्तोयानकाकांकडे वळली. "काका, बारावा नियम काय म्हणतो?"

स्तोयानकाकांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "यादी बदलायची तर सगळ्या कामगारांची सभा घ्यायची."

"झाली सभा?"

"नंतर घेऊ म्हणतात, पोरी."

"नंतर म्हणजे कधी? ते बाळ तिसऱ्या मजल्यावर झोपायला लागल्यावर? मग सभेत विचारणार, या बाळाला बाहेर काढायचं का, हात वर करा. कोण करेल हात वर? मीसुद्धा नाही करणार. आणि हे तुम्हा तिघांनाही माहीत आहे."

ती दारापाशी गेली आणि तिथून म्हणाली, "कॉम्रेड संचालक, तुम्हाला आम्ही निवडलंय. मीही मत दिलंय तुम्हाला. दिलेलं मत परत मागता येत नाही, नाहीतर आत्ता इथेच मागितलं असतं."

घरी येईपर्यंत तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती तिला चांगली कळत होती. दर वसंतात नदी तळघरात यायची. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर ओलीची रेघ होती, आणि त्या भिंतीला लागून रेफियाची, तिच्या नऊ वर्षांच्या मुलीची, खाट. डॉक्टरनं दोनदा लिहून दिलं होतं: कोरडी खोली. औषधाचं नाव नाही, काही नाही, नुसतं कोरडी खोली. पोरगी खोकायला लागली की शेफिकाला वाटे, आपलीच छाती कोणी खरवडतंय.

तिचा नवरा अवदो लाकूड सुकवायच्या भट्टीवर होता. चांगला माणूस, पण आवाज चढला की हा खाली बघणार. तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दोन वर्षं काय, बघता बघता जातील."

"रेफियाला सांग तसं."

त्यानं पाव मोडायला घेतला.

"उद्या आमच्या विभागाला त्या इमारतीची सफाई आहे," ती म्हणाली. "किल्ल्या आमच्या हातात येणार. परवा सकाळी सहाला आपण सामान घेऊन जायचं."

अवदोच्या हातातला पाव खाली आला. आमच्याकडे हे होत असे. लोक रिकाम्या फ्लॅटचं कुलूप फोडून आत शिरत, खाट टाकत, खाटेवर म्हातारीला निजवत, चूल पेटवत. एकदा धुरांड्यातून धूर निघाला की कोर्ट वर्षानुवर्षं चालायचं, आणि पोलीसही म्हातारीला हात लावायला बिचकत. तीन वर्षांपूर्वी कारखान्याचा ट्रक ड्रायव्हर जोझो असाच घुसला होता, तर मंडळानं त्याला चार दिवसांत बाहेर काढलं. त्या ठरावाला पहिला हात शेफिकाचा होता.

"जोझोला तूच काढलंस ना?" अवदो म्हणाला. "आता लोक आपल्या तोंडावर थुंकतील."

"जोझो यादीत एकतिसावा होता. मी पहिली आहे. ज्याला वाचता येतं त्यानं फाटकाशी जाऊन वाचावं."

"नोकरी जाईल, शेफिका."

"ग्राबमध्ये कोणाची नोकरी जाते? त्याचाच तर माहितीपट काढतायत."

अवदोला हसू आलं, पण ते त्यानं आवरलं. त्यानंतर तो जेवला नाही.

शुक्रवारी बायकांनी इमारत धुऊन काढली. रखवालदारानं बारा फ्लॅटच्या बारा किल्ल्या मिल्काला सही घेऊन दिल्या होत्या. संध्याकाळी तिनं अकरा परत केल्या.

"तिसऱ्या मजल्यावर खिडकीला रंगाचे डाग आहेत," ती म्हणाली. "उद्या येऊन खरवडते. टेलिव्हिजनवाल्यांना डाग दाखवायचे आहेत का तुला?"

रखवालदाराला ते मुळीच दाखवायचे नव्हते.

राहिला ट्रक. लोखंडी चूल, कपाट, दोन खाटा हातगाडीवर जाणार नव्हत्या. आणि कारखान्याचा ट्रक म्हणजे जोझो. शेफिका गॅरेजात गेली तेव्हा तो ट्रकखाली आडवा होता, नुसते पाय बाहेर.

"कोण आहे?" पायांनी विचारलं.

"शेफिका."

"मला घराबाहेर काढणारी?"

"हो, तीच. उद्या सकाळी ट्रक हवाय. सामान न्यायचंय नव्या इमारतीत."

जोझो सरपटत बाहेर आला आणि तिच्याकडे बघत बसला. मग पोट धरून हसला. "म्हणजे आता तू घुसणार."

"मी घुसत नाहीये. ते घर माझं आहे."

"मीही असंच म्हटलं होतं."

"तू खोटं म्हटलं होतंस, जोझो. तुझ्यापुढे तीस जण होते, त्यात मी होते." मग तिचा आवाज जरा खाली आला. "तुझी बायको जिन्यात बसून रडली ते माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. मला काही गोड वाटलं नाही ते. पण तू यादीत पहिला असतास आणि तुला कोणी ढकललं असतं, तर तुझ्या दारात मी आडवी पडले असते. हे तुला खरं वाटत नसेल तर राहू दे, मी कपाट पाठीवर नेते."

जोझोनं चिंधीनं हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

"मी आता नववा आहे," तो म्हणाला. "पहिल्या नावाला असं उडवता येत असेल, तर नवव्याचं काय घेऊन बसलात? साडेपाचला येतो. सहाला फाटकावर माणसं असतात." आणि परत ट्रकखाली शिरता शिरता म्हणाला, "तुला माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

शनिवारी साडेपाचला ट्रक तळघरासमोर उभा राहिला. अवदोनं एक शब्द न बोलता खाटा चढवल्या. चूल सगळ्यात जड. जोझो आणि अवदो ती तीन जिने चढवत होते, तेवढ्यात डोळे चोळत रखवालदार आला.

"अरे, हे काय? कोणाच्या परवानगीनं?"

शेफिकानं तोंड उघडलं, पण तिच्याआधी अवदोच बोलला. चूल पायरीवर टेकवून त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि रखवालदाराच्या छातीवर धरला.

"मंडळाचा ठराव आहे. शिक्का आहे. तिसरा मजला, फ्लॅट आठ, खाली आमचं नाव. हा रद्द केल्याचा कागद तुझ्याकडे असेल तर दाखव. नसेल तर चुलीचा तो कोपरा धर, जड आहे."

रखवालदारानं कागद वाचला, डोकं खाजवलं आणि कोपरा धरला. एवढी मोठी वाक्यं अवदोच्या तोंडून शेफिकानं अठरा वर्षांच्या संसारात ऐकली नव्हती. तिचे डोळे भरून आले, ते तिनं कपाटाच्या आड पुसले.

दहा वाजेपर्यंत पडदे लागले, खाटा घातल्या गेल्या, चूल पेटली. रेफिया बाल्कनीत उभी राहून खाली कोण कोण येतंय ते ओरडून सांगत होती. मिल्का आणि विभागातल्या चार बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. पावणेअकराला खाली बँड वाजायला लागला, आणि शेफिकानं कॉफीचं पाणी चुलीवर ठेवलं. कॉफीचे चमचे मोजताना ती दोनदा चुकली. मिल्का म्हणाली, "आता हवं तेवढं चुकून घे, दार उघडल्यावर नको."

जिन्यात पावलं वाजली. बाहेरून कुलपात किल्ली खुपसल्याचा आवाज आला, पण आतून दुसरी किल्ली होती, त्यामुळे ती फिरेना. दोनदा खटपट झाली. मग कोणीतरी कुजबुजलं. आणि शेवटी ग्राबच्या संचालकानं दारावर टकटक केली.

शेफिकानं दार सताड उघडलं. बाहेर तिहोमिर, स्तोयानकाका लाल फितीत बांधलेली किल्ली घेऊन, व्लादान, खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस, इंजिनिअर नवा कोट घालून, आणि मागे यास्ना बाळाला घेऊन.

"शेफिका, हे काय चाललंय?" तिहोमिर दात आवळून म्हणाला.

"घर लावतेय."

"लोकांसमोर तमाशा करायचा होता का तुला?"

"तमाशा तुम्ही आणलात, साराजेव्होहून. मी फक्त दार उघडलं."

"बंद कर," व्लादान कॅमेरावाल्याला म्हणाला.

"बंद कशाला?" शेफिका म्हणाली. "तुम्ही खोटं दाखवत नाही ना? मग खरं घ्या की. यादीत पहिली मी. ठराव माझ्या नावाचा. चूल माझी पेटलीय." तिनं उजवा हात त्याच्या कॅमेऱ्यासमोर नेला, इतका जवळ की त्याला मागे सरकावं लागलं. "आणि हा तो हात. तीन सेकंद पुरेत, की जास्त हवेत?"

खाली बँड वाजतच होता. मागून यास्ना म्हणाली, "आम्ही बाविसावे आहोत. मी ह्यांना दोनदा सांगितलं होतं."

"मग तिसऱ्यांदा सांग," आतून मिल्का म्हणाली. "मोठ्यानं, म्हणजे त्या यंत्रात जाईल."

"आम्ही बाविसावे आहोत," यास्ना मोठ्यानं म्हणाली. "हे घर आमचं नाही." तिचा नवरा कानापर्यंत लाल झाला, पण त्यानं तिला अडवलं नाही.

शेफिकाला त्या पोरीची एकदम माया आली. "बाळाला घेऊन किती वेळ उभी राहणार? आत ये. सगळेच या, कॉफी होतेय. जोडे बाहेर काढा."

आता इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे कारखान्यात जोडे घालून जातात, कचेरीत जातात, रिकाम्या फ्लॅटमध्ये किल्ली द्यायलासुद्धा जोडे घालूनच जातात. पण कोणाच्या घरात जोडे घालून कोणी जात नाही, मग तो मंत्री का असेना. ज्यानं उंबऱ्यावर जोडे काढले त्यानं कबूल केलं की हे घर आहे. आणि ज्यानं त्या घरच्या बाईच्या हातची कॉफी घेतली त्यानं कबूल केलं की घर कोणाचं आहे. त्यानंतर कुठल्या तोंडानं तो तिला बाहेर काढणार? हे त्या जिन्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. व्लादान शहरातला, त्याला कदाचित नसेल, पण बाकीच्यांचे चेहरे बघून त्यालाही उमजलं.

यास्नानं चपला सरकवल्या आणि आत आली. तिच्यामागून तिचा नवरा, बुटांच्या नाड्या न सोडताच टाचा ओढत. स्तोयानकाका पायरीवर बसले. त्यांच्या बुटांना वेळ लागत होता, गुडघे वाकत नव्हते. बूट काढून ते उठले, फीत सोडून खिशात घातली आणि किल्ली शेफिकाच्या हातात ठेवली. उजव्या.

"घराला दोन किल्ल्या असतात, पोरी," ते म्हणाले. "बारावा नियम माझ्याच हातानं लिहिलेला. परवा मला तोंड उघडवेना. ते तू मनात ठेवलंस तरी चालेल."

"ठेवणार आहे," शेफिका म्हणाली, आणि त्यांचा कोपर धरून त्यांना आत घेतलं.

व्लादान दारात घुटमळला. मग त्यानंही बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"कॅमेरा जरा खाली घ्या," मिल्का म्हणाली. "हेही खरंच आहे."

बायका हसल्या. व्लादान कॅमेरावाल्याकडे वळला. "तू बंद केला होतास ना?"

"नाही," तो माणूस म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज कोणी ऐकला असेल. "दार उघडल्यापासून चालू आहे. आता करू बंद?"

व्लादाननं अंगठा आत घ्यायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "राहू दे चालू," तो म्हणाला.

आता बाहेर एकटा तिहोमिर उरला. आत कपांचा आवाज येत होता, बाळ रडत होतं, रेफिया त्याला काहीतरी दाखवत होती. तिहोमिर उंबऱ्याच्या पलीकडे उभा होता आणि शेफिका अलीकडे.

"मी आत आलो," तो हळूच म्हणाला, "तर सोमवारी दोन हजार माणसं मला विचारतील, ठरवलं होतं काय आणि झालं काय."

"सोमवारी सभा घ्या. विचारू द्या त्यांना."

"आणि नाही आलो तर?"

"तर त्याच सभेत मी विचारेन."

"तू मला पाडशील, शेफिका."

"नाही पाडणार. मत तुम्हालाच देईन, तुमच्याएवढा चांगला माणूस आपल्याकडे दुसरा नाही. पण विचारेन. सगळ्यांसमोर विचारेन, आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. त्यासाठीच तर हा कारखाना काढला ना आपण?"

खालचा बँड थांबला. वरून काही इशारा येईना म्हणून वाजवणारे वर बघत उभे राहिले असणार. तिहोमिरनं पायांकडे पाहिलं. माहितीपटासाठी म्हणून घेतलेले नवे काळे बूट होते, नाड्या करकचून बांधलेल्या. त्यानं एक हात भिंतीला टेकला आणि वाकला. गाठ घट्ट होती, सुटेना, आणि कोणी मदतीला गेलं नाही.

"अवदो," शेफिकानं आत हाक मारली, "आणखी एक कप काढ."